काचबिंदू: उपचार, खर्च आणि रोजचं जगणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी डॉक्टर नाही. आईच्या काचबिंदूमुळे गेली बारा वर्षं थेंबांच्या बाटल्या मोजते आहे आणि त्या निमित्ताने या आजारावरचं संशोधन वाचते आहे. लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आपल्या डोळ्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा. त्यांना काय विचारायचं ते ठरवायला हे पान उपयोगी पडावं.

१. काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचाच पुढचा टप्पा का? ऑपरेशन करून भिंग बसवलं की संपलं?

नाही. दोघांच्या नावात बिंदू आहे, एवढंच नातं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून नवं बसवलं की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात आणि गेलेला तंतू परत येत नाही. म्हणून थेंब, लेसर, ऑपरेशन यांतल्या कशानेही नजर वाढत नाही, उरलेली टिकते. "औषध घालूनही फरक पडला नाही" ही तक्रार खरं तर चांगली बातमी असू शकते.

२. मला तर सगळं नीट दिसतंय. मग आजार आहे हे कसं मानू?

कारण मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, पेपर वाचता येतो, पण कडेचं दिसणं विरत जातं. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि राहिलेली पोकळी मेंदू अंदाजाने भरतो. जाहिरातींत काचबिंदू दाखवताना काळा बोगदा काढतात. लंडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० रुग्णांना वेगवेगळी चित्रं दाखवून "तुम्हाला असं दिसतं का?" असं विचारलं, तेव्हा काळा बोगदा एकानेही निवडला नाही. बहुतेकांनी काही भाग धूसर असलेलं किंवा गायब झालेलं चित्र निवडलं. आपल्याला काळं काही दिसत नाही म्हणजे आजार नाही, हा समज त्या बोगद्यामुळेच पसरला असावा.

आमच्याकडे पहिली खूण डोळ्यात नव्हतीच. आईच्या हातून ओट्याच्या डाव्या कडेचे पेले पडू लागले. आम्ही तिला "लक्ष कुठंय?" म्हणत राहिलो.

३. थेंब घालून खरंच फायदा होतो का? कुणी तपासलंय?

विश्वास बसणार नाही, पण १९९०च्या दशकापर्यंत याचा पक्का पुरावा नव्हता. स्वीडनमध्ये माल्मो आणि हेलसिंगबोर्ग इथे २५५ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना लगेच उपचार, निम्म्यांना फक्त देखरेख. २००२ साली निकाल आला: सुमारे सहा वर्षांत उपचार न मिळालेल्यांपैकी ६२% लोकांचा आजार वाढला, उपचार मिळालेल्यांपैकी ४५% लोकांचा. थेंबांनी डोळ्याच्या आतला दाब (प्रेशर) उतरतो. तो एका अंकाने उतरला की धोका साधारण १०% कमी होतो, हा हिशेबही तिथलाच.

पुढे ब्रिटनमध्ये ५१६ रुग्णांना लॅटानोप्रोस्ट या औषधाचे किंवा औषध नसलेले थेंब दिले गेले (२०१५). दोन वर्षांत नजरेचा पट्टा (समोर बघताना आजूबाजूचं जेवढं दिसतं तो) घटला तो औषधवाल्यांपैकी १५.२% जणांचा आणि दुसऱ्या गटातल्या २५.६% जणांचा. फायदा नक्की आहे, पण उपचार घेऊनही काहींचा आजार पुढे सरकतो, हेही त्याच आकड्यांत आहे. तपासणीचं चक्र थांबवायचं नाही ते म्हणूनच.

४. माझं प्रेशर १६ आहे, नॉर्मल आहे. तरी डॉक्टर काचबिंदू म्हणतात. चूक तर नाही ना?

१० ते २१ ही सर्वसाधारण मर्यादा. ती प्रत्येक नसेला मानवतेच असं नाही. दाब मर्यादेत असूनही नस सुकण्याचा प्रकार चांगला परिचित आहे. अशा रुग्णांचा दाब आणखी ३०% उतरवला, तर आजार वाढण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतं, असं १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

दुसरी मेख बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या जाडीत आहे. हा पडदा पातळ असेल तर यंत्र दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतं. नागपूरजवळच्या खेड्यांत ४,७११ लोकांची तपासणी झाली होती. तिथे या पडद्याची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन भरली, म्हणजे पाश्चात्त्य पुस्तकांतल्या ५४०च्या आसपासच्या आकड्यापेक्षा बरीच कमी. जाडी मोजली आहे का, हे एकदा विचारून ठेवा. ही मोजणी साधारणपणे एकदाच लागते.

५. उलट माझं प्रेशर २५ आहे, पण नस आणि फील्ड टेस्ट (नजरेच्या पट्ट्याची तपासणी) चांगली आहे. लगेच औषध सुरू करू का?

१,६३६ लोकांवरच्या अमेरिकी चाचणीचा निकाल (२००२) इथे उपयोगी पडतो. पाच वर्षांत काचबिंदू झाला तो औषध न घेणाऱ्यांपैकी ९.५% जणांना आणि घेणाऱ्यांपैकी ४.४% जणांना. धोका निम्म्यावर आला हे खरं, पण औषधाविना दहातले नऊ जण पाच वर्षं ठीक राहिले हेही तितकंच खरं. वय, पडद्याची जाडी, नसेचा आकार आणि घरातला इतिहास पाहून डॉक्टर "घाला" किंवा "सहा महिन्यांनी या" म्हणतात. "सहा महिन्यांनी या" हाही सल्ला आहे, तो पाळायचा.

६. संशोधनात 'जीवनमान' मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात?

प्रश्नावली भरून घेतात. कुठली प्रश्नावली, यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या मते या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच.

सगळ्या आजारांसाठी वापरली जाणारी 'ईक्यू-५डी' पाच गोष्टी विचारते: चालणं-फिरणं, स्वतःचं स्वतः आवरणं, रोजचे व्यवहार, दुखणं, आणि चिंता किंवा उदासी. नजरेबद्दल एकही प्रश्न नाही. अर्धा पट्टा गेलेला माणूस "चालता येतं? हो. अंघोळ? हो. दुखतं? नाही" अशी उत्तरं देतो आणि कागदावर ठणठणीत ठरतो. फक्त डोळ्यांसाठीची 'व्हीएफक्यू-२५' ही २५ प्रश्नांची अमेरिकी प्रश्नावली जास्त जवळची, पण तिच्यात गाडी चालवण्याबद्दल प्रश्न आहेत. माझ्या आईने आयुष्यात सायकलही चालवलेली नाही. भारतीय रुग्णांशी बोलून तयार केलेली ३३ प्रश्नांची 'इंड-व्हीएफक्यू' आहे, ती आपल्याकडच्या जगण्याला धरून आहे.

काचबिंदूचे रुग्ण अडखळतात ते जिना उतरताना, उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरताना, गर्दीत बाजूने कुणी आलं तर, वाचताना पुढची ओळ शोधताना. पडण्याचा धोकाही वाढतो. शिवाय आंधळेपणाची भीती असते, ती नजर चांगली असतानाही असते. "दोन उपचारांत जीवनमानाचा फरक आढळला नाही" असं वाक्य वाचलंत, तर आधी पाहा: त्यांनी विचारलं काय होतं?

७. 'कॉस्ट-इफेक्टिव्ह' म्हणजे स्वस्त का?

नाही, मोजलेल्या पैशाच्या मोबदल्यात पुरेसं आरोग्य मिळतं, असा त्याचा अर्थ. मापाला 'क्वाली' म्हणतात: पूर्ण निरोगी एक वर्ष म्हणजे १, त्रासातलं वर्ष म्हणजे ०.८ किंवा ०.६, वगैरे. ब्रिटनमध्ये एका क्वालीमागे साधारण २०,००० ते ३०,००० पौंड ही परवडण्याची रेषा कित्येक वर्षं वापरात होती.

आपल्याकडे असा हिशेब करणारी यंत्रणा आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून आहे, आणि ती माणशी देशांतर्गत उत्पन्नाचा आकडा मोजपट्टी म्हणून वापरते. वरच्या ईक्यू-५डीची भारतीय गुणांकनपद्धतीही ३,५४८ लोकांच्या मुलाखतींतून तयार होऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तरी एक फरक उरतोच. ब्रिटनमधला हिशेब सरकारच्या खिशाचा असतो, कारण बिल सरकार भरतं. इथे थेंबांचं बिल बहुतेक घरांत पेन्शनमधून किंवा मुलाच्या पगारातून जातं. तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवण्याआधी, पैसे कोण भरतं हे बघावं.

८. डॉक्टर म्हणतात आधी लेसर करू. थेंब सोडून थेट लेसर? ही कमाईची युक्ती तर नाही?

हा प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो. संशय समजू शकते, पण या सल्ल्यामागचा पुरावा भक्कम आहे. या लेसरचं नाव एसएलटी. डोळ्यातलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीवर ते देतात. काही मिनिटांत होतं, भरती व्हावं लागत नाही.

ब्रिटनमध्ये सहा रुग्णालयांत ७१८ नव्या रुग्णांवर चाचणी झाली (२०१९). तीन वर्षांनी लेसर गटातल्या सुमारे ७४% जणांचा दाब एकही थेंब न घालता ठरवलेल्या पातळीवर होता. थेंबांच्या गटात ११ डोळ्यांवर काचबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं, लेसर गटात एकाही नाही. ईक्यू-५डीचे गुण दोन्ही गटांत सारखेच आले, त्याचं नवल नाही (प्रश्न ६). सहा वर्षांनंतर आजार पुढे सरकला तो लेसर गटात १९.६% आणि थेंबांच्या गटात २६.८%. २०२२ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत लेसर पहिल्या पसंतीवर आलं.

आपल्याला जास्त जवळचा अभ्यास टांझानियातला आहे. किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशीच्या रुग्णालयात २०१ रुग्णांना लेसर किंवा टिमोलॉलचे थेंब दिले. वर्षभरानंतर उपचार यशस्वी ठरला तो लेसर दिलेल्या ६१% डोळ्यांत आणि थेंबांच्या ३१% डोळ्यांत (२०२१). औषधाचं दुकान लांब आणि पैसा थोडा असेल, तर लेसरची बाजू आणखी जड होते.

दोन अटी. डोळ्याचा कोन (बुबुळाचा रंगीत भाग आणि पारदर्शक पडदा यांमधली, पाणी जाळीकडे जाण्याची फट) उघडा हवा. बंद असेल तर हे लेसर चालत नाही (प्रश्न १३). आणि परिणाम कायमचा नसतो, काही वर्षांत ओसरतो, मग पुन्हा देता येतं किंवा थेंब सुरू होतात. लेसर झालं म्हणून तपासणी सोडणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी थेंबच बरे होते, निदान बाटली संपली की डॉक्टर आठवायचे.

९. थेंबांचा वर्षाचा खर्च किती धरू? कमी कसा करू?

स्वतः मांडा. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळे, रोज एकदा, म्हणजे महिन्याला ६०. वर वाया जाणारे. उघडलेली बाटली बहुतेक औषधांत चार आठवड्यांनी (काहींत सहा) टाकायची असते. म्हणजे वर्षाला १२-१३ बाटल्या. समजा बाटली ४०० रुपयांची, तर सुमारे पाच हजार. दुसरं औषध वाढलं की दुप्पट. फील्ड टेस्ट, ओसीटी (नसेचं स्कॅन), प्रवास आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला दिवस वेगळा. खेड्यातून येणाऱ्यांचा हा शेवटचा आकडाच कित्येकदा सगळ्यांत मोठा असतो आणि तो कुठल्याच बिलात नसतो.

वाचवायचे मार्ग: डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. दोन औषधं असतील तर एकाच बाटलीतलं मिश्रण चालेल का ते विचारा. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते, तो गालावर ओघळतो. थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून ठेवा: औषध डोळ्यातच राहतं, घशात उतरत नाही. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. मात्र कंपनी बदलली तर पुढच्या भेटीत दाब तपासून घ्या.

१०. मी कधीकधी विसरतो. एखादा दिवस चुकला तर काय होतं?

एका दिवसाने काही बिघडत नाही, सवय मोडली की बिघडतं. अमेरिकेत १९६ रुग्णांना औषध फुकट दिलं, बाटलीवर नोंद ठेवणारं यंत्र बसवलं आणि नोंद होतेय हे सांगूनही टाकलं. तरी जवळजवळ ४५% जणांनी ठरल्याच्या पाऊण हिश्शापेक्षा कमी थेंब घातले. म्हणजे प्रश्न फक्त पैशांचा किंवा शिस्तीचा नाही. न दुखणाऱ्या आजाराला रोज औषध घालणं माणसाला जड जातं. रात्रीचा थेंब दात घासण्याशी किंवा देवापुढच्या दिव्याशी जोडा. आणि चुकले तर डॉक्टरांना खरं सांगा. नाहीतर त्यांना वाटतं औषध कमी पडतंय, आणि दुसरं महाग औषध वाढतं.

११. थेंबांमुळे डोळे लाल होतात, पापण्या काळवंडल्यात. दमाही आहे. काय करू?

आपल्या मनाने बंद करू नका, पण गप्पही बसू नका. लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट या गटात लाली, लांब पापण्या, डोळ्याभोवती काळेपणा हे नेहमीचे. टिमोलॉल दमेकऱ्यांना आणि हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं. डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याबद्दल आणि दम्याच्या डॉक्टरांना थेंबांबद्दल सांगणं तुमचंच काम. ब्रिमोनिडीनने ॲलर्जी आणि गुंगी येऊ शकते. तान्ह्या मुलांना ते देत नाहीत. आणि खाजेवर मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टिरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणं हे काचबिंदूचं एक कारण आहे, इलाज नव्हे.

१२. थेट ऑपरेशन सांगितलंय. घाबरायचं का?

निदान होतानाच आजार पुढे गेलेला असेल तर हा सल्ला रास्त असतो. ब्रिटनमधल्या २७ केंद्रांत अशा ४५३ रुग्णांवर ऑपरेशन आणि थेंब यांची तुलना झाली (२०२१). दोन वर्षांनी दाब ऑपरेशन गटात १२.४, थेंब गटात १५.१. जीवनमान मात्र दोन्हीकडे सारखं, म्हणजे ऑपरेशनने जगणं बिघडलं नाही. खर्च दोन वर्षांपुरता पाहिला तर ऑपरेशन महाग, आयुष्यभराचा धरला तर परवडणारं. नेहमीचं ऑपरेशन पुरेसं नसेल तिथे डोळ्यात पाणी बाहेर वाहून नेणारी नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने बनवलेली नळी परदेशी नळीपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या फेऱ्या जास्त महत्त्वाच्या असतात, तेवढी रजा आणि सोबत आधीच ठरवा.

१३. माझा 'अँगल बंद' आहे म्हणतात. वरची उत्तरं मला लागू होतात का?

थेंबांचा खर्च, सवय, दुष्परिणाम यांची होतात. प्रश्न ८ मधलं लेसर होत नाही. कोन बंद असण्याचा प्रकार युरोपपेक्षा आशियात जास्त आढळतो. इथे बुबुळाच्या रंगीत भागाला लेसरने बारीक छिद्र पाडतात. ४१९ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०१६) त्याऐवजी मोतीबिंदू नसतानाही भिंग काढलं, आणि दाब व जीवनमान दोन्ही जास्त चांगले राहिले. ही चाचणी कोन बंद असून दाब खूप वाढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्यांची होती. उलट, ज्यांचा कोन नुसताच अरुंद आहे अशा ८८९ लोकांवर चीनमधल्या ग्वांगझोऊत झालेल्या चाचणीत (२०१९) सरसकट छिद्र पाडण्याचा फायदा इतका कमी निघाला की तसं करू नये असं संशोधकांनीच म्हटलं. "अरुंद" आणि "बंद" यांतला फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

अचानक डोळा लालबुंद, असह्य दुखणं, उलटी, दिव्याभोवती रंगीत कडी: थेट रुग्णालय गाठा, सकाळची वाट बघू नका.

१४. विमा किंवा सरकारी योजना थेंबांचे पैसे देते का?

बहुधा नाही. आरोग्यविमा आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ऑपरेशनसारख्या ठरावीक उपचारांसाठी आहेत. महिन्याच्या औषधाला त्यांत सहसा जागा नसते. म्हणजे नस वाचवणारा रोजचा खर्च खिशातून. मला ही उलटी गंगा वाटते. कुठली शस्त्रक्रिया बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. सरकारी आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयांत तपासणी स्वस्त असते.

१५. नसेला ताकद देणाऱ्या गोळ्या घेऊ का?

मेमँटिन या स्मृतिभ्रंशावरच्या औषधावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही फसल्या. निकोटिनामाइडवर (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) चाचण्या चालू आहेत. सिटिकोलिन आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, त्यामागचा पुरावा दाब उतरवण्याच्या पुराव्याच्या जवळपासही नाही. पैसे मोजके असतील तर आधी थेंब.

१६. योगासनं चालतील का?

शीर्षासन नको. चेन्नईत योगसाधकांवर झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचा दाब दुप्पट होतो असं दिसलं. डोकं हृदयाच्या खाली जाईल अशी बाकी आसनंही डॉक्टरांना विचारूनच. ध्यानाबद्दल बरी बातमी आहे: दिल्लीच्या एम्समध्ये ९० रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत तीन आठवड्यांच्या ध्यानाने दाब उतरला आणि जीवनमानाचे गुण सुधारले. थेंब चालूच होते, हे विसरू नका. चालायला जाणं उत्तम.

१७. मला आहे, तर घरच्यांना तपासायचं का? सरकारच सगळ्यांना का तपासत नाही?

सख्खी भावंडं आणि मुलं, चाळिशीनंतर नक्की. भारतात चाळिशीपुढचे सुमारे १ कोटी १२ लाख लोक काचबिंदूचे असावेत, असा २०१० मधला अंदाज आहे, आणि दक्षिण भारतातल्या पाहण्यांत दहापैकी नऊ जणांना आपल्याला आजार आहे हेच ठाऊक नव्हतं. सरसकट तपासणी ब्रिटनमधल्या हिशेबात परवडणारी ठरली नाही, तर चीनमधल्या आणि भारतातल्या शहरांसाठी केलेल्या हिशेबांत ठरली. कारण सरळ आहे: ब्रिटनमध्ये चष्म्याच्या दुकानातच नस बघितली जाते. इथे चष्म्याचा नंबर काढताना सहसा कुणी ती बघत नाही. तुम्ही "नस पण बघा" म्हणा.

१८. समोरचं ६/६ दिसतं, पण पट्टा फार गेलाय. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

मिळू शकतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजरेचा पट्टाही धरला आहे: ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व. बरेच लोक "तक्ता वाचता येतो" म्हणून अर्जच करत नाहीत. फील्ड टेस्टचे कागद घेऊन यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा. ४०% किंवा जास्त अपंगत्व ठरलं तर प्रवासातल्या आणि प्राप्तिकरातल्या सवलती मिळू शकतात.

१९. आजोबा ८६ वर्षांचे आहेत, काचबिंदू आत्ता निघाला. या वयात थेंब, फेऱ्या, खर्च... कशाला?

कधी उपचार लागतात, कधी नाहीत. माल्मोतल्या रुग्णांच्या जुन्या नोंदींत अखेरच्या तपासणीपर्यंत ४२% जणांचा एक डोळा गेला होता, दोन्ही डोळे १६% जणांचे. दोन्ही गेले ते बहुतेक आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत. म्हणून विचारायचं ते असं: आजार किती पुढे आहे, किती वेगाने सरकतोय, आणि तब्येत पाहता तो त्यांना गाठेल का? सुरुवातीचा आणि संथ असेल तर नुसतं लक्ष ठेवणं किंवा एकदा लेसर (प्रश्न ८) हे डॉक्टरही सुचवतील. एक डोळा आधीच गेलेला असेल तर मात्र दुसऱ्यासाठी वय बघायचं नाही. आणि थरथरत्या हातांनी त्यांना बाटली पिळता येते का, हे आधी घरी पाहा. येत नसेल तर रोज रात्री थेंब कोण घालणार, ते औषध आणण्याआधी ठरवा.